कुंग फूची घराणी आणि त्यांच्या पोटापाण्याच्या गोष्टी

घाटावरचा

दक्षिण चीनमधल्या फोशान शहरात मी पावणेतीन वर्षं काढली. काम टाइल्सच्या खरेदीचं. दिवसभर कारखान्यात उभं राहून पेट्या फोडायच्या, कडा उडालेला माल बाजूला काढायचा आणि रात्री पुण्याला फोनवर त्याचा हिशेब द्यायचा. राहायचो त्या इमारतीच्या तळमजल्यावर नटबोल्टचं दुकान होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरून रोज संध्याकाळी सातला लाकडावर काहीतरी आपटल्याचा आवाज यायचा. दोन महिने मी समजत होतो की वर सुतार राहतो. एकदा दिवे गेले, जिन्यात गाठ पडली, तेव्हा कळलं की वर विंग चुनचा, म्हणजे कुंग फूच्या एका घराण्याचा, वर्ग चालतो. आवाज सरावाच्या लाकडी पुतळ्याचा. आणि शिकवणारे सिफू म्हणजे सकाळी मला खाली स्क्रू मोजून देणारे काका.

(ग्वांगतुंगकडे, म्हणजे फोशानच्या प्रांतात, सिफू, उत्तरेत शिफू. तिथे टॅक्सीवाल्याला आणि प्लंबरलाही असंच हाक मारतात. आपल्या 'मिस्त्री'सारखं समजा.)

पहिले तीन आठवडे त्यांनी कशालाच हात लावू दिला नाही. पावलं आतल्या बाजूला वळवायची, गुडघे जवळ आणायचे आणि उभं राहायचं. पवित्र्याचं नाव ऐकून मी हसलो होतो: शेळी दाबून धरायचा पवित्रा. दोन मांड्यांमध्ये शेळी धरलीय आणि ती सुटता कामा नये. त्याच अवस्थेत एक हात छातीपुढून इतका सावकाश पुढे न्यायचा की हलतोय हे बघणाऱ्याला कळू नये. वेळ मोजायला उदबत्ती. ती अर्धी होईस्तोवर माझा शर्ट भिजलेला असायचा, आणि शेजारी दहा वर्षांची एक पोरगी च्युइंग गम चघळत खुशाल उभी असायची.

'कुंग फू' हा शब्द मुळात मारामारीचा नाहीच. गोंगफू म्हणजे वेळ घालून, घासून आलेलं कसब. आपण 'हात बसला' म्हणतो ना, ते. निगुतीने चहा करायच्या पद्धतीलाही दक्षिणेत गोंगफू चहा म्हणतात. युद्धविद्येला नेमका शब्द वूशू.

तर सिफू स्क्रू विकतात हे कळल्यावर माझ्या डोक्यातला धुक्यातला डोंगर आणि पांढऱ्या दाढीचा साधू जरा डळमळला. नंतर जे वाचलं, फिरलो, लोकांना विचारलं, त्यातून माझं मत असं झालंय की या विद्यांचं मूळ शोधायचं तर दंतकथेतल्या संस्थापकाने कुठल्या पक्ष्याची आणि सापाची झुंज पाहिली हे विचारू नये. ही माणसं खात काय होती, ते विचारावं.

शाओलिनपासूनच सुरू करतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल. मठ हनान प्रांतात, सोंगशान डोंगराच्या कुशीत. इ.स. ४९५ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने तो उभारला तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी. (हे नाव लक्षात ठेवा, खाली लागेल.) लढाईशी मठाचा पहिला पक्का संबंध ६२१ सालचा. ली शिमिन हा तांग घराण्याचा राजपुत्र वांग शिछोंग नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी लढत होता, आणि वांगच्या लोकांनी मठाची जमीन बळकावली होती. भिक्षूंनी वांगच्या पुतण्याला पकडून राजपुत्राच्या हवाली केलं. तेरा भिक्षूंची नावं नोंदली गेली. ७२८ साली या प्रकरणाची कागदपत्रं एका शिळेवर कोरली. ती शिळा अजून मठात आहे. मी तिच्यापुढे उभा होतो तेव्हा गाइड बाई शौर्य आणि तलवारी सांगत होत्या. शिळेचा सूर मात्र असा की जमीन आमची, राजाने दिलेली, तिला कुणी हात लावू नये. आपल्याकडची देवस्थान इनामाची सनद असते तशी. ठोसा कसा मारायचा याबद्दल अक्षर नाही.

पुढेही कित्येक शतकं मठाचं नाव होतं ते लाठीसाठी, मुठीसाठी नव्हे. १५५० च्या दशकात किनाऱ्यावर चाच्यांचा उच्छाद वाढला तेव्हा भिक्षूंच्या तुकड्या लाठ्या घेऊन लढल्या. त्याच सुमारास यू दायौ नावाचा मिंग सेनापती मुद्दाम वाट वाकडी करून मठात गेला, लाठीचे हात बघितले आणि म्हणाला, तुमची मूळ विद्या हरवलीय. दोन तरुण भिक्षूंना सोबत नेलं, तीन वर्षं शिकवलं आणि परत पाठवलं. म्हणजे शाओलिनला शाओलिनची लाठी एका फौजी माणसाने शिकवली! हे कुणी पोस्टरवर छापत नाही. त्याच काळातला दुसरा सेनापती छी जिग्वांग. याने शिपायांच्या तयारीसाठी लिहिलेल्या ग्रंथात रिकाम्या हाताचे ३२ पवित्रे दिले आहेत आणि आधीच सांगून टाकलंय की रणांगणात यांचा फारसा उपयोग नाही, पण अंग मोकळं व्हायला आणि नवशिक्याला तयार करायला बरे.

मठातलं मला खरंच हलवून गेलं ते म्हणजे सहस्रबुद्ध दालनाची फरशी. विटांच्या त्या जमिनीत ओळींनी ४८ खळगे पडले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी पाय आपटून. जुन्या पाट्याला मधोमध खोलवा येतो ना, तसे. शिळेपेक्षा मला ते खळगे जास्त खरे वाटले.

आता उत्तरेतलं त्सांगचौ. हपेई प्रांतातला हा भाग, महाकालव्याच्या काठचा. जमीन खारवट, पीक बेताचं, पण कालव्यावरून माल आणि चांदी वाहतेय. मग पोरं काय करणार? एकतर लुटणार, नाहीतर राखणदारी करणार. मालाला सोबत देणाऱ्या राखणदारांच्या पेढ्या असत, त्यांना बियाओजू म्हणत. गाड्यांवर पेढीचं निशाण, आणि वाटेत पेढीच्या नावाची ललकारी देत जायचं, म्हणजे दरोडेखोराला कळावं की माल कुणाच्या जिवावर चाललाय. पण म्हणच होती की त्सांगचौला ललकारी नाही. तिथून जाताना मोठमोठे राखणदार निशाण उतरवून गुमान पुढे जात. गावोगावी असे तयार लोक, की कोण उठून 'बघू तरी' म्हणेल याचा नेम नाही.

याच पट्ट्यात मंगत्सुन नावाचं हुई मुसलमानांचं गाव आहे, बाजिछ्वानचं माहेर. जवळून, कोपराने, खांद्याने, सगळं अंग घेऊन धडकायची ही विद्या. तिचा गाजलेला वस्ताद ली शूवन (१८६४ ते १९३४) भालाफेक्या नव्हे, भालाईत म्हणून प्रसिद्ध. त्याला 'दैवी भाला ली' म्हणत. त्याच्या एका शिष्याने शेवटचा सम्राट फूयी याच्या अंगरक्षकांना शिकवलं, दुसऱ्याने तैवानमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांना. राखणदारीच राहिली, मालक बदलले.

पेढ्या बुडवल्या कुणी? बंदुकीने, असं आपण म्हणू. पण पहिला धक्का कागदाने दिला. शान्शी प्रांतातल्या फिंगयाव गावात १८२३ च्या सुमारास हुंडीची पेढी निघाली, चांदी गाडीत घालून न्यायची गरजच कमी होऊ लागली. मग आगगाडी आली. राखणदार बेकार झाले आणि शहरात क्लास काढून बसले. आज आपण ज्याला 'प्राचीन घराणी' म्हणतो, त्यांच्या वंशावळी आणि दंतकथा मोठ्या प्रमाणात याच काळात छापल्या गेल्या. क्लास चालवायचा तर पाटी नको का?

दक्षिणेत धंदे वेगळे. लियांग जान (विंग चुनचा पहिला माणूस ज्याच्याविषयी खात्रीने बोलता येतं) फोशानात औषधांचं दुकान चालवायचा. त्याचा शिष्य चान वा-शुन नाणी मोडून देणारा सराफ. हुंग गार या दुसऱ्या घराण्याचा वोंग फेई-हुंग हाडवैद्य. त्याच्या दवाखान्याचं नाव पो ची लाम. १९२४ च्या दंगलीत हा दवाखाना जळला. त्याचा पट्टशिष्य लाम साय-विंग डुकराच्या मटणाचा खाटीक. हाडं मोडायची विद्या आणि बसवायची विद्या एकाच घरात, हे आपल्या तालमीतल्या लोकांना सांगायला नकोच.

आणि तमासगीर. कँटनी संगीत नाटकाच्या कंपन्या लाल रंगवलेल्या होड्यांतून गावोगाव फिरत. विंग चुनच्या सगळ्या कथा त्या होड्यांवरून जातात. १८५४ मध्ये ली वनमाओ नावाच्या नटाने नाटकवाल्यांची फौज उभी करून बंड केलं. सरकारने बदल्यात फोशानातली नाटकवाल्यांची संघवाडी जाळली आणि नाटकांवर बंदी घातली. विद्या येणारे नट पोटासाठी पांगले. कुणी तरी औषधाच्या दुकानाशी गेलाच असणार.

शेवटचा माणूस इप मान (१८९३ ते १९७२). ब्रूस लीचा गुरू म्हणून आपल्याला माहीत. फोशानातल्या खात्यापित्या घरचा, शिकवणं हा त्याचा धंदा नव्हताच. १९४९ ला सगळं सोडून हाँगकाँगला जावं लागलं, आणि १९५० मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, शिकवायला सुरुवात केली ती हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत. गाजलेल्या सिनेमात तो एकटा दहा जपान्यांना लोळवतो. वेटर लोक ड्यूटी संपवून शिकायला येतायत, हे दृश्य मला तरी दहा जपान्यांना लोळवण्यापेक्षा भारी वाटतं.

बराच लिहिलं. ताई ची, कराटे, खरी मारामारी वगैरे मुद्दाम ठेवलंय, जाणकारांनी भर घालावी.

टवाळ

पहिला!

शेळीपर्यंत वाचून चहा सांडला. आता बोधिधर्म येईपर्यंत दाणे भाजून घेतो.

अनुस्वार

लेख उत्तम. दोन शंका. एक, 'बराच लिहिलं' की 'बरंच लिहिलं'? दोन, 'भालाफेक्या नव्हे' हा विनोद होता का?

घाटावरचा

बरंच. संपादन करता येत नाहीये आता. आणि हो, विनोद होता. फसला.

ब्रह्मास्त्र

लेखकाने फार हुशारीने बोधिधर्माला वगळले आहे. कांचीपुरमच्या पल्लव राजपुत्राने चीनला जाऊन भिक्षूंना युद्धकला शिकवली हे जगजाहीर आहे. शाओलिनच्या भिंतीवरील चित्रात सावळे भिक्षू गोऱ्या भिक्षूंना शिकवताना स्पष्ट दिसतात. चिनी लोकांनाही हे मान्य आहे. आपल्याच लोकांना आपल्या गोष्टींची लाज का वाटते हे कळत नाही.

टवाळ

दाणे करपले. इतक्या लवकर?

घाटावरचा

ब्रह्मास्त्र, वगळला नाही, तुमच्यासाठी ठेवला होता. :)

बोधिधर्माचा सर्वांत जुना चिनी उल्लेख ५४७ सालचा, लोयांगच्या विहारांच्या वर्णनातला. त्यात तो पर्शियाचा आहे, स्वतःचं वय दीडशे सांगतो आणि एका मनोऱ्याकडे बघून हात जोडून थक्क होतो. त्यानंतरचा मजकूर त्याला दक्षिण भारतातल्या राजाचा तिसरा मुलगा म्हणतो. कांचीपुरम आणि पल्लव हे पुढचं. यातल्या कशातही तो कुणाला ठोसा शिकवत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो.

विद्येशी त्याचं नाव जोडणारा ग्रंथ यीजिनजिंग, स्नायू बदलण्याची पोथी. ही १६२४ ची. तिला ६२८ सालची म्हणून एका तांग सेनापतीची प्रस्तावना जोडली आहे, आणि त्या प्रस्तावनेत चक्क कथेतलं काल्पनिक पात्र खरा माणूस म्हणून येतं. चोरी पकडली जायला एवढं पुरे. त्यात पोथीत आहे काय, तर श्वास, चोळणं, थोपटणं. तांग हाओ या चिनी इतिहासकारानेच १९३० च्या आसपास बोधिधर्माची कथा मोडीत काढली, म्हणजे 'चिनी लोकांना मान्य आहे' हेही अर्धंच.

चित्र मी पाहिलंय. श्वेतवस्त्रा दालनात आहे ते. १९ व्या शतकातलं! बोधिधर्मानंतर तेराशे वर्षांनी. जोड्या लढतायत, कुणी गडद, कुणी फिकट. आणि शिकवतंय कोण, शिकतंय कोण, हे चित्रावरून मला तरी सांगता आलं नाही. माझ्या मते दोघांचे हातपाय एकमेकांत गुंतल्यावर कुणाचा कुठला हे कळावं म्हणून रंग वेगळा केलाय.

लाज कसली? बातुओ भारतीय होता, मठ त्याच्यासाठी बांधला, हे नोंदीत आहे. त्याच्या नावाने आपण एक तरी धागा काढलाय का?

ब्रह्मास्त्र

बातुओबद्दल माहिती नव्हती. वाचतो. बाकी मतभेद कायम.

कराटेवाली_डोंबिवली

सतरा वर्षं गोजू-र्यू ही कराटेची शैली शिकवते आहे. घाटावरचा यांनी कराटेचं ताट माझ्यापुढे सरकवलंय म्हणून.

आमच्या शैलीच्या मुळाशी हिगाओन्ना कानर्यो हा ओकिनावाचा माणूस. १८७० च्या दशकात फुच्यान प्रांतातल्या फुचौ बंदराला जाऊन तिथे शिकून आला. फुच्यान म्हणजे पांढऱ्या बगळ्याच्या घराण्याचा मुलूख (त्या घराण्याचा योंगछुन तालुका तिथलाच). सांचिन हा आमचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा संच, बघा: पावलं किंचित आत, मांड्या आवळलेल्या, हात सावकाश, श्वास ऐकू येणारा. शेळीचं वर्णन वाचताना मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमच्याच गोठ्यातली!

आणि 'कराटे' हे नाव पूर्वी ज्या अक्षरांनी लिहीत त्यांचा अर्थ 'तांग हात', म्हणजे चिनी हात. उच्चार तोच ठेवून १९३० च्या दशकात अक्षर बदललं आणि 'रिकामा हात' झाला. जपानात तेव्हा चिनी नाव चालण्यासारखं नव्हतं. मी मुलांना पहिल्या दिवशी 'रिकामा हात' सांगते आणि ब्राउन बेल्ट झाल्यावर दुसरी गोष्ट सांगते. पालक मात्र एकच प्रश्न विचारतात: शाळेत ग्रेस मार्क मिळतात का?

लाल_माती

लेख झकास जमलाय भावा. म्या कोल्हापूरचा, आमच्या आज्ज्यापास्नं तालीम हाय. मला सांग, तिकडं कुस्ती न्हाई व्हय? निस्ती हवेत हात मारून कुणी वस्ताद हुत न्हाई. आन गंडा बांधत्यात का?

घाटावरचा

कुस्ती आहे तर! श्वाइज्याव. अंगात जाड सुती जाकीट घालायचं, तेच पकडायला. छिंग बादशहांनी तर कुस्तीगिरांची वेगळी पलटण पाळली होती, मंगोल पाहुणे आले की त्यांच्याशी भिडवायला. तुमच्यासारखे राजाश्रयाचे पैलवान. १९३३ मध्ये नानजिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत छांग तुंग-शंग नावाच्या श्वाइज्याववाल्याने बाजी मारली. हे तुम्हाला आवडेल.

गंडा: हो, आणि आपल्यासारखाच. बायशी म्हणतात. शिष्य गुडघे टेकून गुरूला दोन्ही हातांनी चहा देतो, गुरूने घोट घेतला की झालं. त्यानंतर तो 'दारातला' शिष्य, वंशावळीत नाव. बाकीचे फी भरून येणारे. गुरूच्या गुरुबंधूला काका म्हणायचं, आधी आलेला वयाने लहान असला तरी दादा. त्या च्युइंग गमवाल्या पोरीला मी पावणेतीन वर्षं ताई म्हणत होतो. सिफूंनी माझ्याकडे चहा कधी मागितला नाही. एकदा मी आपणहून कप पुढे केला तर म्हणाले, 'साखर कमी असती तर घेतला असता.'

लाल_माती

न्हाई घेतला ते बरंच केलं. परत जाणाऱ्याला गंडा बांधत न्हाईत.

नेमस्त

लेख रंजक आहे, पण मुद्द्याला बगल दिली आहे. २०१७ मध्ये छंगतू शहरात शू शियाओदोंग या एमएमएवाल्याने (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींतला) एका ताई चीच्या गुरूला वीसेक सेकंदांत आडवं केलं. सगळ्या जगाने व्हिडिओ पाहिला. शेळी, उदबत्ती, चहा सगळं ठीक, पण हे नाच आहेत. लढता येत नाही.

घाटावरचा

बगल दिली नाही, मी अर्धा तुमच्याच बाजूचा आहे. ज्याने आयुष्यात अंगावर ठोसा घेतलेला नाही त्याला ठोसा बसणार. विद्या कुठलीही असो.

पण असली गाठ पहिल्यांदा पडली असं नाही. १७ जानेवारी १९५४ ला मकावमध्ये वू घराण्याचा ताई चीवाला वू गोंगयी (पन्नाशी उलटलेला) आणि तिबेटी पांढऱ्या बगळ्याच्या घराण्याचा तरुण छान हाक-फू यांची जाहीर लढत झाली. पेपरात महिनाभर तुतुमैमै चालली होती, तिकिटांचा पैसा मदतकार्याला. चित्रफीत मिळते, जरूर बघा. दोन घराण्यांचे दोन थोर लोक आणि प्रत्यक्षात शाळा सुटल्यावर मैदानात दोन पोरं भिडावीत तसे हात फिरतायत. नाकातून रक्त आलं, एकमेकांना लाथा घातल्या, दुसऱ्या फेरीत पंचांनी थांबवलं आणि कुणीच जिंकलं नाही असं जाहीर केलं.

गंमत पुढेच आहे. लोकांचा उत्साह बघून हाँगकाँगच्या एका सांजदैनिकाने तीनच दिवसांत लियांग यूशंगची युद्धवीरांची कादंबरी क्रमशः सुरू केली. तिथून नव्या वूश्या कादंबऱ्यांची लाट आली आणि तिच्यावर सिनेमे. म्हणजे आपल्या डोक्यातला उडता कुंग फू एका रटाळ बरोबरीतून निघालाय.

कराटेवाली_डोंबिवली

नेमस्त, 'लढता येत नाही' हे सरसकट नको. चीनने १९७९ पासून सांदा नावाचा प्रकार बसवलाय: ठोसे, लाथा आणि उचलून आपटणं, हातमोजे घालून. आपली मणिपूरची नाओरेम रोशिबिना देवी २०२३ च्या हांगचौ एशियाडमध्ये ६० किलो गटात रौप्य घेऊन आली ते सांदातच. तिला जाऊन नाच म्हणा.

नेमस्त

नाच मागे. घराण्यांबद्दलचा मुद्दा शिल्लक.

सुगरण_नव्हे

मारामारीत मला रस नाही, माफ करा. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणाले हळू व्यायाम करा. सोसायटीत एक जण ताई ची शिकवणार आहेत. पाठवू का? आणि हे खरंच मारामारीचं होतं का? मला तर ते दूध उतू जाऊ नये म्हणून हळू हळू ढवळल्यासारखं वाटतं.

सिंगापुरी_मिरची

दूध ढवळणं! माझ्या लाओशीला, म्हणजे शिक्षकांना, सांगते उद्या.

सहा वर्षं इथल्या ब्लॉकखाली पहाटे करतेय. होतं हो, मारामारीचंच. मूळ हनानमधल्या चनज्यागोउ या खेड्यात, चन आडनावाच्या शेतकऱ्यांत. त्या गावात म्हणतात, इथलं पाणी प्यायलं की लाथ आपोआप उचलते. तिथला जुना प्रकार पाहिलात तर दूध उतूच जाईल: हळू हळू चाललंय आणि मध्येच फाडकन पाय आपटतात. दुसऱ्या संचाचं नावच 'तोफेचे ठोसे'. बाहेरचा यांग लुचान तिथे राबून शिकला, १९ व्या शतकात बीजिंगला जाऊन बड्या मांचू लोकांना (तेव्हाचे परके राज्यकर्ते) शिकवू लागला. त्याचा नातू यांग छंगफू याने उड्या आणि आपटणं गाळून जो सलग, मोकळा प्रकार शहरात नेला, तोच आज बागेत दिसतो. १९५६ मध्ये चिनी क्रीडा खात्याने त्यातून २४ हालचालींचा छोटा संच बांधला. तुमच्या सोसायटीत बहुधा तोच असेल. घाटावरचा यांच्या भाषेत, गिऱ्हाईक बदललं आणि माल बदलला.

वूदांग पर्वतावरच्या चांग सानफंग या ताओ साधूने ताई ची निर्माण केली ही गोष्ट कुणी सांगितली तर ऐकून घ्यायची. 'आतली विद्या' आणि 'बाहेरची विद्या' हा भेद पहिल्यांदा दिसतो तो १६६९ च्या एका मृत्युलेखात, आणि लिहिणारा मांचू सत्तेच्या विरोधातला. परक्या बौद्ध मठापेक्षा देशी ताओ साधू मोठा, असा टोमणा त्यात बऱ्याच अभ्यासकांना दिसतो. पण लोकांनी तो इतका मनावर घेतला की १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी युद्धविद्या संस्था निघाली तेव्हा तिचे शाओलिन विभाग आणि वूदांग विभाग असे दोन तुकडे केले. दोन्हीकडचे प्रमुख एकमेकांशी हातघाईवर आले, आणि विभाग गुंडाळावे लागले.

आईंसाठी: पाठवा, पण शिक्षकांना गुडघ्याचं आधी सांगा. उंच उभं राहूनच करायचं, खाली बसायची हौस नको. गुडघा आणि पायाची बोटं एकाच दिशेला. आणि वजन असलेला पाय जागच्या जागी पिळायचा नाही, आधी वजन दुसऱ्या पायावर घ्यायचं, मग टाच फिरवायची. माझ्या वर्गातल्या सगळ्या तक्रारी या शेवटच्या चुकीतून आलेल्या. दुखलं तर थांबायचं, 'अजून थोडं' म्हणणारा शिक्षक असेल तर बदला.

सुगरण_नव्हे

किती छान सांगितलंत. प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. आई म्हणतेय, 'तोफेचे ठोसे कधी शिकवणार विचार.'

नेमस्त

घाटावरचा, एक खरंच विचारतो. घराण्याच्या कथा खोट्या, असं तुम्हीच म्हणता. मग सिफूंच्या भिंतीवर कुणाची नावं होती? आणि तुम्ही उदबत्ती लावत होतात ना त्यांच्यापुढे?

घाटावरचा

लाल कागदावर नावं होती. सगळ्यात वर न्ग मुई, म्हणजे दंतकथेतल्या जळालेल्या दक्षिण शाओलिन मठातून निसटलेली भिक्षुणी. तिच्या खाली यिम विंग-चुन, जिच्या नावाने विद्या ओळखतात. दोघींचा एकही समकालीन पुरावा नाही. त्यांच्या खाली लाल होडीवाले, मग औषधवाला, मग सराफ. जसजसं खाली यावं तसतशी माणसं खरी होत जातात. सर्वांत खाली सिफूंचे गुरू. त्यांच्या नावाशेजारी एक फोटोही होता, बनियनवर, दुकानाच्या फळीवर बसलेले. सिफू फोटोवरची धूळ रोज पुसायचे, वरच्या कागदाची पुसलेली मी पाहिली नाही.

उदबत्ती लावायचो. ती लावल्याशिवाय वेळ कशी मोजणार?

टवाळ

काल रात्री प्रयोग केला. हॉलमध्ये उदबत्ती लावली, पावलं आत, शेळी धरली. बायको आतून आली आणि घाबरून म्हणाली, कोण वारलं?

लाल_माती

शेळी सुटली का न्हाई त्ये सांग आधी.

घाटावरचा

उदबत्ती किती उरली होती?

टवाळ

पाऊण.